पाच नंबरची पाटी

दहिवली, कर्जत
१४ जानेवारी २०२६

चि. यज्ञेश यास चारुमावशीचे अनेक आशीर्वाद.

काल, मंगळवार दि. १३ जानेवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की तुम्ही माझ्या बहिणीचा गाल खोडला आहे. शाळेत आम्हाला नन शिकवायच्या, तक्रारीत तारीख-वेळ आधी, रडगाणं नंतर. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू हो मावशी, हो मावशी म्हणतोस आणि पुढे काही होत नाही.

दिवाळीत तू खोका आणून दिलास. नऊ पाट्या, तेवीसशे चार इवलेसे प्लास्टिकचे ठोकळे, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पाच छटा, आणि एक जाडजूड छापील पुस्तक. तुझ्या आईचा फोटो ठोकळ्यांतून उभा करायचा आणि वर्षश्राद्धाला खालापूरला लावायचा. एकाहत्तराव्या वर्षी मी पुस्तक सांगेल तशी ओळीमागून ओळ लावते आहे. तीन नंबरचा करडा आणि चार नंबरचा करडा दिव्याखाली सारखेच दिसतात, म्हणून फक्त दुपारी बसते. बोटांची टोकं बधिर झाली, मान धरली. तक्रार त्याची नाही.

काल पाच नंबरची पाटी पुरी झाली. ती मधली, चेहऱ्याची. हा फोटो मीच तुझ्या गच्चीवर काढला होता. ताईने डावा गाल कॅमेऱ्यापुढे केला असा तिचा हा एकच फोटो. त्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत कोड होतं. तिथे पांढरे ठोकळे हवेत. पुस्तकात सरसकट चार नंबर छापलाय. माझंच चुकलं असेल म्हणून मी ओळी तीनदा मोजल्या. तेवढ्यात सुरेखा भांडी घासून आली, पदराला हात पुसत बघत राहिली आणि म्हणाली, ह्या कोन गं मावशे? ताईंसारक्या हायेत, पन ताई नाय.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईला जे कळतं ते ताईच्या पोटच्या पोराला कळू नये?

हे तुझ्या बायकोचं, अंतराचं काम असणार. तिच्या फोनमध्ये शिरलेला माणूस गोरा आणि गुळगुळीत होऊनच बाहेर पडतो. या डागापायी मी ताईच्या सासरच्यांशी भांडले, शेजारणींशी भांडले, हळदीकुंकवाला ताईच्या हातून कुंकू लावून न घेणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंशी भांडले. तुम्ही तो एका बोटाने पुसलात.

काम थांबवलं आहे. खुलासा लेखी पाठव. तिळगूळ पाठवत नाही, सध्या गोड बोलायची इच्छा नाही.

अजून तरी तुझीच,
चारुमावशी


खालापूर
१९ जानेवारी २०२६

ती. मावशीस यज्ञेशचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. अंतराने वाचलं, हसली, मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. फोटो तिने बदललेला नाही. मी बदलला, आईने सांगितलं म्हणून.

हे तुला सांगायचं नाही, असं आईने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. कुंभिवलीच्या कारखान्यात साहेबांपुढे गप्प बसायचा मला सराव आहे. तुझ्यापुढे जमत नाही.

गेल्या जानेवारीत ती अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हा खोका मागवायचं तिनेच ठरवलं. दिवाळीपर्यंत दिरंगाई झाली ती माझी. फोटोही तिने निवडला, तो तू काढलेला म्हणून. म्हणाली, मी गेल्यावर चारू नुसती बसून राहील, तिच्या हाताला काम दे. आणि गाल साफ करून पाठव. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, डाग चार बायकांना दिसायचा. चारू भांडायला उभी राहिली की अख्ख्या मांडवाला दिसायचा.

मावशी, हे वाक्य मी गाळणार होतो. पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. ती म्हणाली, साठ वर्षं माझ्या वाटचं ती भांडली रे. मी तिला कधी पुरे म्हटलं नाही, कारण मला ते आवडायचंही. आता दमली असेल. माझ्या चेहऱ्यासमोर तिला एकदा तरी निवांत बसू दे.

श्राद्ध १२ फेब्रुवारीला आहे. होत नसेल तर राहू दे, मी साधा फोटो लावेन. राग धरू नकोस.

तुझा,
यज्ञेश


दहिवली, कर्जत
२३ जानेवारी २०२६

चि. यज्ञेश यास आशीर्वाद.

पत्र बुधवारी मिळालं. दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. मांडवाचं ते वाक्य गाळलं असतंस तर बरं झालं असतं, आणि गाळलं होतंस हे नंतर कळलं असतं तर मी तुला माफ केलं नसतं.

तिचं म्हणणं खरं आहे. मी डॉक्टरीणबाईंवर आवाज चढवला, तेव्हा ताई खाली मान घालून करंडा आवरत होती. मला वाटलं, त्या बाईमुळे तिला रडू येतंय. म्हणून मी आणखी मोठ्याने बोलले. याहून जास्त लिहीत नाही. दमले आहे, हेही तिला बरोबर कळलं होतं.

अंतराला सांग, फोनबद्दलचं वाक्य मी मागे घेते. माफी समोर येऊन मागेन. तेव्हा मात्र तिने हसू नये.

श्राद्धाला चित्र पुस्तकाबरहुकूमच होईल. उरलेल्या पाट्या दहा दिवसांत लागतील. येणाऱ्या बायका म्हणतील, काय सुरेख दिसतायत हो, डागसुद्धा नाही. मी गप्प बसेन. सगळ्यांना आधीच सांगून ठेव, म्हणजे मला बरं नाही असं समजून कुणी धावाधाव करणार नाही.

मात्र तेरा तारखेला चित्र माझ्याकडे दहिवलीला यायचं. पाट्या एकमेकींत नुसत्या अडकवलेल्या असतात. एक काढून दुसरी बसवता येते. मला एक कोरी पाटी हवी आणि तिच्यापुरते दोनशे छप्पन्न ठोकळे, त्यांतले एकाहत्तर पांढरे. माझ्याकडच्या मूळ फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखून मी ते मोजले आहेत. यादी सोबत जोडली आहे. लोकांपुढे तिच्या मनासारखं होऊ दे. माझ्या घरात, माझ्यापुढे, ताईने गाल झाकायचं काही कारण नाही.

कंपनी सुटे ठोकळे देते का, आणि देत असेल तर कधी, हे शनिवार दि. ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळव. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
चारुमावशी