सात देव आणि सुकरीचा एक

प्रिय रोशनी,

हाती फोन असताना बाप पत्र काऊन लिहून राह्यला, असं तुला वाटेल. जावईबापूही हसतील. हसू दे. घरात फोन लागला की तुझी आई पहिलं वाक्य बोलते, "स्पीकरवर टाका." आणि जे सांगायचं आहे ते तिच्या कानावर जायला नको. म्हणून हा कागद. अक्षराला नावं ठेवू नको, जन्मभर आश्रमशाळेतल्या पोरांच्या अक्षराला मीच नावं ठेवत आलो.

आधी आईचं सांगतो. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं तेव्हापासून ती पडवीतल्या खाटेवरच आहे. पोटातली गाठ आता वरून हाताला लागते. दोन घोट पेज जाते, तीही कधी जाते कधी नाही. तू दिलेल्या गोळ्यांनी दुखणं दबतं, पण मग ती दिवसभर गुंगीत असते. तोंड मात्र तसंच आहे हो. काल पेजेत मीठ जास्त पडलं तर म्हणाली, "मास्तर, तुमाले खडूच धरता येते, पळी नाई." मी रागावल्यासारखं केलं. खरं तर बरं वाटलं.

नर्सिंगला असताना तू ख्रिस्ती विश्वासात गेलीस तेव्हा मी केवढा थयथयाट केला होता, आठवतं ना? पण आजारपणात आई तुझ्याकडे ऊर्जानगरला राहिली आणि बाप्तिस्मा घेऊन परत आली, तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. बाबा सुधारले असं तुला वाटलं असेल. तसं काही नव्हतं. तू आपल्या माणसात वाढलीस तरी हे तुला कधी नीट सांगितलं नाही. आपल्यात कूळ देवांच्या आकड्यावरून ओळखतात. मी सात देवांचा, तुझी आई माहेरची सहा देवांची. लग्न लागलं त्या दिवशी ती माझ्या सातांत आली. म्हणजे मेल्यावर तिनं माझ्याच वाडवडिलांत यायचं, तिच्या नावाचा दगड आपल्या कुळाच्या दगडांच्या रांगेत उभा राहायचा आणि शेजारी माझा. मग मधे ती रविवारी कोणाची का गाणी म्हणेना, शेवटी येणार कुठं? माझ्याकडेच. असा माझा पक्का हिशेब होता, म्हणून मी शांत होतो.

आणि खोटं कशाला बोलू, तिचं वागणं बघून मीच चाट पडलो. मोहाची दारू गाळणं तिनं बंद केलं, ते एक वेळ समजलं. पण बुधरीकाकू? धर्म बाटवला म्हणून हिला भर बोरिंगवर वाट्टेल ते बोलली होती ती बाई. त्याच बुधरीला हिवताप आला तेव्हा तुझी आई, स्वतःला धड उभं राहता येत नसताना, भिंत धरत धरत तिच्याकडे आंबील घेऊन गेली. मी म्हटलं, काही लाज? तर म्हणाली, "मले माफ केलं ना प्रभूनं, मग मी कोन मोठी लागून गेली?" पूर्वीची सुकरी असती तर बुधरीच्या सात पिढ्या काढल्या असत्या. हे तिच्यात कुठून आलं, मला कळत नाही.

नवा भात खायचा सण झाल्यावर आपल्या कुळाचे पत्रूभाऊ घरी आले. हळू आवाजात मला दगडाचं विचारत होते, कुठल्या नाल्यातून आणायचा, कोणाला बोलवायचं. आईनं पडवीतून ऐकलं. ओरडली, "मले गोटा नोको! मी प्रभूकडं जाऊन राह्यली." पत्रूभाऊ चहा तसाच ठेवून उठले. माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली, रोशनी.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या पोचू पास्टरांना गाठलं. म्हटलं, लग्नानं बाई नवऱ्याच्या देवात येते, तर मग हिच्यामागं मीही तुमच्या देवात आलोच की. नवराच आहे मी तिचा! बिचारे हसले नाहीत. म्हणाले, मास्तर, तारण म्हणजे आत्म्याची सुटका, ती घराण्यावर मिळत नाही, ज्याची त्यालाच. मी म्हटलं, ठीक, मी चोरी केली नाही, लबाडी केली नाही, एवढी पोरं शिकवली, ते धरा. ते म्हणाले, कामावरही नाही. फुकट आहे, देणगी आहे, फक्त विश्वास ठेवून हात पुढं करायचा. बघ बाई, जन्मभर मी पोरांना कष्टाशिवाय काही मिळत नाही शिकवलं, आणि जे फुकट मिळतं त्यालाच माझा हात पुढं होत नाही.

प्रयत्न केला नाही असं नाही. आईला आता अक्षर दिसत नाही, म्हणून तिचं बायबल मीच तिला वाचून दाखवतो. चांगलं वाचतो, आवाज चढवतो, उतरवतो. तिच्या डोळ्याला धार लागते. आणि मला काहीच होत नाही. डोळे मिटून प्रार्थना केली, जेवणाआधी हात जोडले, एकदा तर एकटाच बांधावर बसून जोरानं म्हटलं की तू असशील तर ये बापा, मी वाट बघतो. बकऱ्या चरत होत्या. कोणी आलं नाही. विश्वास काय बाजारातून आणता येतो?

आणि ती मरणाला भीत नाही, तर माझ्यासाठी रडते. रोज विचारते, "तुमी माह्या मांगं येसान ना?" मी गोधडी सारखी करतो, विषय बदलतो. गेल्या रविवारी पास्टर आले होते. त्यांच्यासमोर तिनं माझा हात धरला आणि विचारलं, विश्वास आहे का? मी म्हटलं, आहे. पोरी, ती हसली. मग अशी झोपली, अशी झोपली, की कित्येक महिन्यांत मी तिला तसं झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्याचाच तुझा आनंदाचा फोन आला होता. बाबा, प्रभूनं ऐकलं, असं म्हणून तू रडलीस, आणि स्पीकर चालू होता.

आता येत्या रविवारी मला बाप्तिस्म्यासाठी नदीत उतरवणार आहेत. पत्रूभाऊंनी सांगून ठेवलं आहे की पाण्यात उतरलास तर तुझाही दगड बसणार नाही. त्यांचंही चूक नाही. म्हणजे मी सातांतून जाईन, आणि मनात विश्वास नसताना तुमच्या एकाकडेही पोचणार नाही. नाही म्हणायला तोंड नाही, तिची झोप जाईल. एवढंच विचारायला हे पत्र लिहिलं. तू त्या मार्गात माझ्यापेक्षा जुनी आहेस. जो माणूस देवासाठी नाही, फक्त बायको जिथं आहे तिथं जायला मिळावं म्हणून हो म्हणतो, त्याला तुमचा प्रभू आत घेतो का? पास्टरांना विचारायची हिंमत नाही. तू बापाला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको, खरं असेल तेच लिही, आणि लवकर लिही. कारण तुझं उत्तर 'नाही घेत' असं असेल, तर तिची माझी गाठ आता इथंच आहे तेवढी. मग मी शेतावर जाणं बंद करतो आणि तिच्या खाटेपाशीच बसून राहतो.

तुझाच,
बाबा