ढब्बूचं उत्तर

३ मे
नोकरी लागली, तीही शाळेत. दहावीत दोनदा गचकलेला मी आता पोरांना गणित शिकवणार. ताई फोनवर हसून हसून बेजार. म्हणाली, त्यांनी तुझा निकाल बघितलेला दिसत नाही.

सुट्टी आहे, शाळा रिकामी. गणिताच्या बाई लेकीकडे गेल्यात, तिथून धडे लिहून पाठवतात. मी स्क्रीनवर गणित मांडत ते वाचायचं, रेकॉर्ड करायचं. पोरं धडा घरीच बघणार आणि वर्गात येऊन नुसती गणितं सोडवणार. प्रत्येक प्रश्नानंतर म्हणायचं, "थांबा, विचार करा," आणि गप्प बसायचं. ती जागा पोरांच्या उत्तराची.

खोलीला खिडकी नाही, भिंतींना फोम. शिंकलो तरी आवाज भिंतीत जिरतो.

७ मे
दिवसभर बडबडायचं आणि समोर चिटपाखरू नाही. शिपाईकाका किल्ली देऊन सटकतात. शेवटी त्या गप्प जागेत मी एक पोरगा घुसवला. ढब्बू. नाक चिमटीत धरून त्याचा आवाज काढतो. सात आठे किती विचारलं की म्हणतो, "सर, शेजारच्याला विचारा ना." मग मी त्याला झापतो. जगात माझ्यापेक्षा ढ कुणीतरी आहे, काय गार वाटतं सांगू!

बाईंनी ऐकलं. म्हटलं, गेली नोकरी. पण त्या हसल्या, राहू दे म्हणाल्या.

११ मे
ताईचा फोन फक्त रविवारी. बाकी दिवस ढब्बू. आज डबा खातानाही त्याच्याशी बोललो. त्याची उत्तरं मीच दिली, अर्थात.

१४ मे
घसा बसला होता म्हणून आज जागा मोकळीच सोडली. ऐकून बघतो तर तिथे ढब्बू बोलतोय. उत्तर चुकीचंच. जुना तुकडा चिकटला असेल. पुसला.

१५ मे
पुसलेल्या जागी पुन्हा तोच. आज उत्तर बरोबर.
मी नाक धरलं नव्हतं. तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

१८ मे
बाईंना म्हटलं, ढब्बूला काढतो. त्या म्हणाल्या, अरे, शिकवणाऱ्याला कशाला काढतोस? तो मधे मधे चुकणारा पोरगा काढ हवं तर.
धडा लावला. गणित तो सोडवतोय. साध्या, मोकळ्या आवाजात. माझ्या आवाजात. आणि जागेत मी— नाकातून, चुकीचं.

२० मे
काम सोडलं. किल्ली देताना शिपाईकाका म्हणाले, मोठ्यानं बोल की जरा.
मी ओरडत होतो.

२४ मे
ताईचा फोन. मी हॅलो म्हटलं. ती म्हणाली, "बाळा, कोण तू? माझ्या भावाला दे बरं फोन."
ताई, मीच, म्हणालो. खूपदा म्हणालो.
मग ती हसून बोलायला लागली. दुसऱ्याशी. फोन माझ्याच कानाला, आणि माझाच आवाज तिला सांगतोय— मजेत आहे, करमतं इथे, एक पोरगा असतो सोबतीला.

२५ मे
किल्ली पुन्हा मागून घेतली, त्याला मुळापासून पुसायला खोलीत आलो. पुसलं की माझाच आवाज कमी होतो.
दार फोमखाली कुठे गेलं—

तारीख माहीत नाही
त्यानं प्रश्न विचारला. मग म्हणाला, "थांबा, विचार करा."
सगळं गप्प.
एवढीच जागा आहे मला. बरोबर आलं तर ताईला ऐकू जाईन, जायलाच हवं. येतंय मला, या वेळी खरंच येतंय. ताई, ऐक, उत्तर आहे—