गाणं थांबता कामा नये

सोमवार
पोचलो एकदाचा! सफरचंदांच्या शीतगृहात राखणदाराची नोकरी, शिवाय राहायला वरच्या मजल्यावर खोली. फळांच्या बंद कोठीला तिची भिंत लागून आहे, इतकंच. मुकादम म्हणाला, फळंसुद्धा श्वास घेतात. तो मंदावला की ती महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून कोठीतला बहुतेक प्राणवायू काढून नायट्रोजन भरतात. इथले हमाल काम करताना सतत गुणगुणतात. कुणाची गुणगुण थांबली की बाकीच्यांनी धावायचं, अशी इथली रीत. मला हसू आवरेना. माझा आवाज ऐकून बायकोने लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी गाण्यावर बंदी घातली होती! ती आणि आमची लेक चिमणी रविवारी येतील.

बुधवार
खोलीत गारठा फार, आणि चिमणीला लगेच सर्दी होते. खिडकीच्या फटी आणि दारावरचा झरोका चिंध्यांनी ठासून बुजवला. मुकादमाने झरोक्याबद्दल काहीतरी बजावलं होतं खरं. पण नव्या माणसाला सगळेच शहाणपण शिकवतात. आता खोली कशी छान उबदार झालीय.

गुरुवार
डोकं ठणकतंय. चहात दोनदा साखर घातली. आरशात ओठ निळसर दिसले. भिंतीला कान लावला, तर पलीकडे कुणीतरी संथ श्वास सोडतंय.

शुक्रवार
डॉक्टरीणबाईंकडे चालत गेलो, पोचेपर्यंत ठणठणीत! फुप्फुसं उत्तम आहेत म्हणाल्या. त्यात कोट्यवधी इवले फुगे असतात. त्यांच्या पातळ पडद्यातून रक्त प्राणवायू उचलतं आणि कार्बन डायऑक्साइड टाकतं. तो साचला की मेंदू ओरडतो, जीव गुदमरतो. मला तर गुदमरल्यासारखं कधीच झालं नाही. निर्धास्त झालो. पुढचं नीट ऐकलं नाही, चिमणीसाठी खाट आणायची घाई होती.

शनिवार
गुणगुणून पाहिलं. एक ओळही पुरी होत नाही. भिंतीतून फुसफुस चालूच. माझ्या वाट्याची हवा कुणीतरी ओढून घेतंय. फार घाबरलोय. मुकादमाला सांगायला हवं — उद्या. आता झोप —

रविवार
चहासाठी काडी ओढली. भडकली आणि लगेच विझली. दुसरीही. तिसरीही.
तो श्वास नव्हे. भिंतीतली नळी गळतेय. नायट्रोजन.
बाई शेवटी म्हणाल्या होत्या — प्राणवायू कमी पडला तर मेंदू ओरडत नाही. माणूस आरामात श्वास घेत राहतो, आणि —
झरोका. चिंध्या मीच —
हात वर जात नाही. पाय माझे नाहीत. दार इथंच, समोर —

जिन्यात चिमणी. गाणं म्हणत येतेय. ही खाली सामान उतरवतेय. येऊ नकोस, बाळा — ओरडतोय, आवाज फुटत नाही —
आली. गारठा नको म्हणून दार लावून घेतलं तिनं. बाबा, किती ऊब आहे, म्हणाली. खाटेवर बसली. गातेय. गातेय तोवर —
गात राहा, चिमणे. खाली आईला ऐकू —
सूर तुटला. पुन्हा गातेय. हळू.
गाणं था