गप्प राहणारी गाडी

जळगाव,
मंगळवार, १५ एप्रिल २०२५

प्रिय हेमलता,

आज सकाळी सातच्या एसटीनं धुळ्याला गेलो. साडेनऊच्या सुमारास देवपूरला पोहोचलो. गाडी पाहिली, चालवून पाहिली. दीडच्या एसटीनं परत निघालो, चारला घरी आलो. ऊन फार होतं. तुझ्या घरावरून दोनदा गेलो. तू शाळेत होतीस, दाराला कुलूप होतं. कुलूप नसतं तरी मी आत आलो असतो की नाही, सांगता येत नाही.

पाच वाजता तुझा फोन आला तेव्हा मी ‘घेऊ नकोस’ एवढंच म्हणालो. तू का म्हणून विचारलंस, तर आवाज नीट येत नाही असं सांगून फोन ठेवला. आवाज नीट येत होता. शुक्रवारी तुला गाडीवाल्या रतिलालला हो किंवा नाही कळवायचं आहे, म्हणून हे आजच लिहितो आणि उद्या सकाळी पोस्टात टाकतो. मी लिहिणारा माणूस नाही. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं, तेही फळ्यावर कमी आणि हातात पाना देऊन जास्त. म्हणून आधी गाडीचं सांगतो. ते मला जमतं.

पांढरी, २०१५ची, डिझेल. मी गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. जुन्या गाड्या विकणारे बहुतेक जण गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, म्हणजे पहिली खडखड ऐकू येत नाही. रतिलालनं तसं केलं नव्हतं. ‘नाना, बठ्ठं देखी ल्या, लपाडानं काहीच नही,’ असं म्हणून तो बाजूला उभा राहिला. माणूस खोटा नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. इंजिन एका चावीत सुरू झालं. काळा धूर नाही, तेलाची गळती नाही. क्लच जड आहे. मीटर ब्याऐंशी हजार दाखवतं, पण ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, म्हणजे दीड लाख तरी झालेच असतील. उजव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर माझं लोहचुंबक धरेना. आत पुट्टी भरली आहे, तिथं कधीतरी लागलेलं आहे. मी वाकून प्रत्येक दाराची फट बोटानं मापत होतो. रतिलालची आई धुरपदाबाई लिंबाखाली बाजेवर बसून पाहत होती. ती म्हणाली, ‘गाडी लेवानी शे का नवरी देखानी शे?’ मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

खरी अडचण दुसरी आहे. कंपनीनं हे मॉडेल बंद केलं त्याला काही वर्षं झाली. आता पार्ट नवे मिळत नाहीत, मिळाले तर महिना महिना थांबावं लागतं. बंद झालेल्या मॉडेलची गाडी जिवंत ठेवायची तर पार्ट दुसऱ्या मेलेल्या गाडीतून आणावे लागतात. कुठंतरी ठोकलेली गाडी भंगारात येते, तिचं दार हिला, हिचा आरसा तिला, असं चालतं. हे मी वर्गात दर वर्षी शिकवायचो. मुलं वहीत लिहून घ्यायची. त्यात कुणाला काही वाटायचं नाही, मलाही नाही.

तुला हीच गाडी का हवी आहे ते मी जाणतो. रस्त्यात अशी गाडी दिसली की रोशनी ‘पप्पांची गाडी’ म्हणून हात हलवते. आतला अनोळखी माणूस गोंधळतो, कधी परत हात हलवतो. तू मला म्हणालीस, नाना, आता अशा गाड्या रस्त्यावर कमी कमी दिसायला लागल्यात, तिला हात हलवायला एक तरी राहू द्या. तुम्ही पास केली तरच घेईन, असंही तू म्हणालीस. माझ्या हातावर तुझा केवढा विश्वास आहे, ते मला तेव्हा ऐकवेना.

आता आतलं सांगतो.

दार उघडलं तेव्हा आत दोन दिवस बंद असलेल्या गाडीची वाफ होती. तिच्यात आणखी एक वास होता. जुन्या रेक्झिनचा नाही, डिझेलचा नाही. मला तो लगेच ओळखता आला नाही. मी चारही दारं उघडी ठेवली, पाच मिनिटं थांबलो. वास मागच्या बाजूला नव्हता. फक्त चालवणाऱ्याच्या जागेशी होता. मग लक्षात आलं, आयोडिन. जनावराच्या जखमेवर लावतात ते.

मी स्वतःला सांगितलं की कुठल्याही घरात आयोडिनची बाटली सांडते.

मग बसलो. बसलो तर पाय क्लचला पोहोचेना. सीट पुढं घ्यायला खालचा दांडा ओढला, सीट हलेना. जोर लावला तरी नाही. रतिलाल म्हणाला, ‘ते सीट तठेच ऱ्हास, नाना. मांगे उशी लई ल्या.’ दोन मिस्त्रींनी पाहिलं म्हणे, पट्टी वाकून अडकली आहे. गाडी घेऊन त्याला दीड वर्ष झालं, तो आणि त्याचा भाऊ, दोघंही उशी घेऊनच चालवतात. दोघंही माझ्याएवढेच बुटके. मी उशी घेतली. कुणीतरी उंच माणूस त्याच्या मापानं सीट लावून उतरून गेला आहे आणि बाकीचे सगळे त्याच्या जागेवर उशा ठेवून बसताहेत, असं काहीसं मनात आलं. असले विचार मला येत नाहीत, तुला माहीत आहे.

पांझरेच्या पुलावरून पलीकडे गेलो आणि परत आलो. रतिलाल शेजारी होता. गाडी सरळ चालते, ओढत नाही, ब्रेक ठीक. पण सबंध फेरीत मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. एखाद्या घरात शिरावं आणि भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं असावं, तसं. कळत नव्हतं काय ते. रतिलालनंच कौतुकानं सांगितलं. ‘दुसऱ्या गाड्या टुंगटुंग करी डोकं खातस. हाई गप शे.’

तेव्हा कळलं. मी सीटचा पट्टा लावला नव्हता. उशीच्या भानगडीत राहून गेलं. मी, जो वर्गात पट्ट्याशिवाय मुलांना चावी देत नसे. आणि गाडी एका शब्दानं बोलली नव्हती.

त्याच्या अंगणात परत येऊन लिंबाखाली गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. डावा हात खाली नेला, जिथं पट्टा अडकवतात तिथं. त्या खाचेत आधीच एक क्लिप बसवलेली होती. बोटांनाच आधी समजलं. बाजारात मिळते ती क्लिप नव्हे. बाजारातल्या क्लिपेच्या कडा धारदार असतात. हिच्या चारही कडा कानशीनं घासून गोल केलेल्या होत्या, हाताला लागू नये म्हणून. बटण दाबून बाहेर काढली. खालच्या बाजूला पंचनं मारलेले तीन ठिपके होते.

तीन ठिपके म्हणजे काय, तुला माहीत नसेल. आयटीआयमध्ये प्रत्येक मुलगा आपल्या कामावर आपला हजेरी नंबर ठोकतो. मी माझ्या कामावर तीन ठिपके मारायचो. एकतीस वर्षं.

क्लिप काढताच गाडी ओरडायला लागली. टुंग, टुंग, टुंग. बाजेवरून धुरपदाबाई म्हणाली, ‘हाई काय बोंबली राह्यनी? आजलोंग तर मुकी व्हती.’ रतिलाल म्हणाला, ‘नाना, ते परत खोसा.’ मी खोसलं नाही. क्लिप मुठीत धरून ऐकत बसलो. मग रतिलालला विचारलं, ही सीट कुठून आणली. आधीच्या मालकाची सीट उंदरांनी कुरतडली होती, म्हणून आपणच ही भंगारातून आणून बसवली, असं तो म्हणाला. ‘जळगावकडली एक ठोकायेल गाडीनं शे.’ खाच सीटलाच जोडलेली असते. सीट आली, तिच्याबरोबर तीही आली, आणि तिच्यात जे होतं तेही आलं. क्लिप मी मागून घेतली. त्याला त्यात काही वाटलं नाही.

हेमलता, आता जे लिहितो ते तुला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

किरणची भडगावच्या गुरांच्या दवाखान्यात बदली झाली तेव्हाचं आहे. एका दिवसात दहा गोठे करायचे, दर फर्लांगावर उतरायचं, परत चढायचं, आणि दर वेळी ती टुंगटुंग. एका रविवारी घरी आला आणि म्हणाला, नाना, हिचं तोंड बंद करून द्या. मी त्याला दोन शब्द सुनावायला हवे होते. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर सुनावले असते. पण मुलगा बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे काही मागत होता आणि ते मला करता येत होतं. मी जुन्या पट्ट्याची क्लिप कापली, व्हाइसमध्ये धरली, अर्ध्या तासात घासून दिली. तो म्हणाला, नाना, कंपनीपेक्षा झ्याक. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी खाली ठिपकेही मारले.

पुढं श्रावणात कानबाईच्या सणाचा तो रविवार आला. देवीच्या नैवेद्याचे रोट तयार होते, सगळे थांबले होते, आणि तो भडगावकडं एका अडलेल्या गाईपाशी होता. तू त्याला तीनदा फोन केलास. एरंडोलच्या अलीकडे उभ्या ट्रॉलीवर गाडी गेली. पंचनाम्यात लिहिलं की पट्टा लावलेला नव्हता. लोक म्हणाले, डॉक्टर घाईत होता. त्या वर्षापासून तुझ्या घरी रोट होत नाहीत, आणि एकदा इथं आमच्या घरी आईजवळ रडताना तू म्हणालीस की माझ्या फोननं त्याला घाई झाली आणि तो पट्टा विसरला. मी दाराआड होतो. ऐकलं आणि अंगणात निघून गेलो.

पोलिसांनी गाडी ओळखायला बोलावलं तेव्हा मी नंबर पाहिला आणि सही केली. आत पाहिलं नाही. आत पाहिलं नाही म्हणून मला इतकी वर्षं असं धरून चालता आलं की त्यानं ती क्लिप कधीच फेकून दिली असेल. आज ती माझ्या खिशात एसटीनं जळगावला आली. पारोळ्यापर्यंत गरम होती, मग अंगाएवढीच झाली.

गाडी घेऊ नकोस. ती वाईट आहे म्हणून नाही. सीट बदलली तर अजून पाच वर्षं चालेल. पण मी हे पत्र गाडीसाठी लिहिलेलं नाही. तुझ्या फोननं काही झालं नाही. त्याला घाई नसती तरी पट्टा लागला नसता, कारण लाव म्हणून सांगणारी गाडी मी गप्प केली होती. एवढं तुला लेखी द्यायचं होतं, म्हणजे मला फोनवरच्यासारखं आवाज नीट येत नाही असं म्हणता येणार नाही. माझ्यावर रागव, बोलू नकोस, रोशनीला पाठवू नकोस, मी काही म्हणणार नाही. फक्त या श्रावणात रोट कर. रोशनीला तिच्या वाट्याचा दे.

आई बोदवडला तिच्या बहिणीकडे गेली आहे, शनिवारी येईल. तिलाही मीच सांगेन. दिवे लागलेत. सकाळचं वरण आहे, ते गरम करतो, एक भाकरी आहे, आणि जेवून घेतो.

तुझेच,
नाना