पलंगावरचा ओला टॉवेल

१२ जानेवारी

आली एकदाची. पाठीवर सॅक, मागे घरंगळणारी बॅग आणि डोळ्यांत विमानातली अर्धवट झोप. आमच्या लेकीच्याच वयाची, पण तिच्यापेक्षा वीतभर उंच. आमची लेक परवा तिच्या घरी पोचली, आज ती आमच्याकडे. शाळेचं सत्र संपेपर्यंत ही अदलाबदल. तिची आई माझ्या लेकीला सांभाळणार, मी तिच्या.

लेकीची खोली हिला दिली. कपाट रिकामं केलं, खिडकीला नवे पडदे लावले. घरचं पडद्यांचं दुकान, आणि घरातले पडदे विटलेले! पाहुणीच्या निमित्ताने एक खोली तरी सुधारली. हॉलचे तसेच आहेत.

ह्यांनी बजावलंय, परक्याची पोर आहे, जीभ आवर. आवरणार. बघतीलच.

१५ जानेवारी

पाहुणी वागायला चांगली. आपली भाषा वर्षभर शिकून आली आहे. सावकाश बोलते, पण स्वच्छ. मी काकू, हे काका, सासूबाई आजी. सासूबाई तर पहिल्याच दिवशी विरघळल्या.

जेवण झाल्यावर स्वतःचं ताट उचलायला लागली. मी हातातून काढून घेतलं. म्हटलं, तू बस. थोडा वेळ ओट्याशी घुटमळली, मग खोलीत गेली.

आंघोळ झाल्यावर ओला टॉवेल पलंगावर! तोही उशीवर! आमची लेक असती तर शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं. मी उचलला, दोरीवर वाळत टाकला, आणि वर तिच्याकडे बघून हसले.

हे पेपराआडून बघत होते. भुवया वर गेलेल्या दिसल्या.

१९ जानेवारी

लेकीचा फोन. सगळं छान आहे म्हणाली. घर मोठं आहे, शाळा जवळ आहे. तिकडच्या काकू फार चांगल्या. कधी आवाज चढवत नाहीत, इकडची काडी तिकडे करू देत नाहीत. मी म्हटलं, मजा आहे एका मुलीची. "हो ना," म्हणाली, आणि मग जरा गप्पच झाली. फोन महाग पडेल म्हणून मीच ठेवला.

मनावरचं ओझं उतरलं. पोर चांगल्या घरी पडली. आज दुकानात दिवसभर मीसुद्धा कुणावर फारशी ओरडले नाही.

२० जानेवारी

आजही टॉवेल. आजही हसले. गाल दुखतात.

२४ जानेवारी

दुकानात दवाखान्याचं काम आलंय. खाटांभोवती सरकणारे लांबच लांब पडदे, सगळे एका मापाचे हवेत. आमच्या जुन्या शिवणारणीने खालची दुमड उलट्या बाजूने घातली. चांगली झाडली तिला. उसवायला लावलं. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत उसवत बसली. तिचं-माझं हे वर्षानुवर्षं चालूच आहे.

पाहुणी शाळेतून परस्पर दुकानात आली होती. तिने टेपचं दुसरं टोक धरायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे गं, धुळीने माखशील. तिला पंख्याखालची खुर्ची दिली, थंड काहीतरी मागवलं.

शिवणारीण म्हणाली, "मॅडम, मलापण महिनाभर पाहुणी म्हणून ठेवा की."

सगळे हसले. पाहुणी तेवढी हसली नाही. विनोद कळला नसेल.

१ फेब्रुवारी

पाहुणीचं जेवण कमी झालंय. विचारलं तर, पोट भरलं काकू, थँक यू. पाणी दिलं, थँक यू. दार उघडलं, थँक यू. घर आहे की बँकेची खिडकी!

४ फेब्रुवारी

सासूबाई आज जेवताना म्हणाल्या, "त्या पोरीशी तू इतकं गोड बोलतेस की मला भीतीच वाटते. माझ्याशी असं बोलायला लागलीस ना, तर मी सामान बांधीन."

ह्यांना ठसका लागला. मी म्हटलं, तुमच्याच चिरंजीवांनी सांगितलंय जीभ आवरायला. मग ह्यांनाही ऐकवलं, सासूबाईंनाही ऐकवलं, भाजीत मीठ नाही हे कुणी सांगितलं नाही म्हणून दोघांना एकत्र ऐकवलं. पाहुणी एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा त्यांच्याकडे. मी लगेच तिच्याकडे वळून विचारलं, तुला काही हवंय का बाळ?

मान हलवली आणि उठून गेली.

९ फेब्रुवारी

संयोजक बाईंचा फोन दुकानात. त्या शाळेतर्फे ही अदलाबदल बघतात. इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "ताई, ती घर बदलून मागते आहे."

मला आधी ऐकूनच घेता येईना. कारण विचारलं. तक्रार काही नाही म्हणे. घर चांगलं, माणसं चांगली. एवढंच म्हणाली, काकूंना मी नकोशी आहे.

मी! तिचे टॉवेल उचलते मी!

आणि नियम असा की अदलाबदल एका बाजूची मोडली की दुसऱ्या बाजूचीही मोडते. म्हणजे आमच्या लेकीला त्या चांगल्या घरातून उचलणार. सत्राच्या मध्यावर, परक्या गावात, दुसऱ्या कुणाच्या तरी दारात. बाईंनी आठवडाभराची मुदत मागून घेतली आहे. तोवर मुलीजवळ विषय काढू नका म्हणाल्या, ती बिचकेल.

फोन ठेवला आणि तोच पडदा पुन्हा पुन्हा मोजत राहिले. शिवणारणीने हातातून टेप काढून घेतली.

कॉलेजात मानसशास्त्र हा विषय होता मला. पहिला वर्ग मिळवला होता. काय उपयोग झाला!

१० फेब्रुवारी

कुठे कमी पडते तेच कळत नाही. आज तिची चादर बदलली, दप्तर झटकलं, बूट पुसले. बूट! ह्यांचे उभ्या जन्मात पुसले नाहीत. मी बूट पुसताना ती दारात उभी होती. तिचा चेहरा पडला.

हे म्हणतात, अजून थोडं प्रेमाने घे. आणखी किती प्रेमाने घेऊ? उद्या घास भरवू?

१२ फेब्रुवारी

सगळं मुसळ केरात.

दुपारी दुकानातून कापडाचे नमुने न्यायला घरी आले. दार लोटून आत पाऊल टाकलं आणि बघते तर काय! जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलेलं. टेबलावर स्टूल. स्टुलावर पाहुणी, टाचा उंचावून हॉलच्या पडद्याच्या दांडीशी झटापट करत असलेली. स्टुलाचा एक पाय टेबलाच्या अगदी काठाला. सासूबाई आतल्या खोलीत घोरत होत्या.

मी चपलांसकट धावले. स्टूल धरलं. हळू आवाजात म्हटलं, एक एक पाय खाली घे. तिने घेतला. दोन्ही पाय फरशीला टेकले, आणि माझी जीभ सुटली.

"अक्कल गहाण ठेवलीस का? पडली असतीस म्हणजे? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? माळ्यावर शिडी काय शोभेला ठेवलीय? आणि तो टॉवेल! रोज ओला टॉवेल पलंगावर, गादीला कुबट वास यायला लागलाय! मी काय तुझी मोलकरीण आहे?"

पुढे बरंच काही. दिव्याचं बटण, अर्धवट टाकलेलं दूध, बाथरूमभर केस. महिन्याभराचं साठलेलं होतं, सगळं बाहेर पडलं. ती नुसती उभी होती. डोळे भरून आले तिचे.

सासूबाई जाग्या होऊन दारात आल्या. म्हणाल्या, "आता कसं घरात असल्यासारखं वाटतंय."

पाहुणी म्हणाली, तुम्ही मला काहीच काम देत नाही, म्हणून तुम्ही यायच्या आत पडदे काढून धुवून ठेवणार होते. मी म्हटलं, मग शिडी आण आणि काढ. सगळे काढ. आणि धुवायचेही तूच.

आणली शिडी. मी धरून उभी राहिले, ती एकेक कडी सोडवून हातात देत होती.

झालं. संपलं सगळं. आता लेकीला फोन करून काय सांगू?

१३ फेब्रुवारी

दुकान उघडते आहे तोच संयोजक बाईंचा फोन. घेऊ की नको असं झालं. घेतला.

"ताई, काय जादू केलीत? घर बदलायचं नाही म्हणते ती."

मी कापडाच्या गठ्ठ्यावरच बसले. शिवणारीण पाणी घेऊन आली. तिला थँक यू म्हटलं, तर घाबरलीच बिचारी.

संध्याकाळी जेवणं झाली. तिने ताट उचललं, मी अडवलं नाही. ती भांडी घासत होती, मी पुसत होते. तेव्हा बोलली.

"काकू, तुम्ही काकांना रागावता, आजींना रागावता. दुकानातल्या मावशींना रागावता, आणि त्यांच्याच डब्यातलं खाता. फक्त मला काही बोलत नाही. मला वाटलं, मी गेले की तुम्हाला बरं वाटेल."

मी पातेलं पुसत राहिले. तेच पातेलं.

ती पुढे म्हणाली, "माझी आई तर घर डोक्यावर घेते. बुटांवरून, दिव्यावरून, टॉवेलवरून सगळ्यात जास्त. तुमच्या मुलीने सांगितलंच असेल."

हातातलं पातेलं तसंच राहिलं. आमच्या लेकीच्या काकू कधी आवाज चढवत नाहीत. इकडची काडी तिकडे करू देत नाहीत.

तीच बाई! तिकडेही एक बाई महिनाभर ओठ दाबून ओला टॉवेल उचलते आहे. आणि आमची लेक "हो ना" म्हणून गप्प होते, आणि मी मजा आहे म्हणून फोन ठेवते!

म्हटलं, कार्टे, हात पूस. आईला फोन लाव.

लावला. दोघी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलल्या. मध्येच ती हसायला लागली. मी विचारलं, काय म्हणतेय? म्हणाली, "आई म्हणते, परक्याच्या मुलीला मी कशी रागावू? तिच्या आईला काय वाटेल?"

"सांग तिला, तिच्या आईला बरं वाटेल. टॉवेलपासून सुरुवात कर म्हणावं."

१७ फेब्रुवारी

कार्टीने आज दुकानात अस्तराची शिवण घातली. वाकडी! उसवायला लावली. शिवणारणीशेजारी बसून दोघी माझ्या नावाने पुटपुटत होत्या. घरी येऊन दोनदा वाढून घेतलं, आणि थँक यू एकदाही नाही.

टॉवेल अजूनही पलंगावरच. पण आता ओरडता येतं. किती हलकं वाटतं!

लेकीचा मात्र फोन नाही.

२० फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. आधी नुसतीच रडली. "आई, काकूंनी आज मला काय झापलंय माहितीय? टॉवेलवरून!" मग रडता रडता हसायला लागली. मग आवाज खाली आणून म्हणाली, बाबांना सांगू नकोस, पण परत यायचं म्हणून मी बॅग भरून ठेवली होती. आज रिकामी केली.

मी म्हटलं, कपडे घडी करून ठेव, कोंबू नकोस.

"तेच म्हणाल्या काकू," म्हणाली.