पहिलटकरणीला पलीकडे न्यायच्या वाहनाबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
सावळदरी साठवण प्रकल्प उपविभाग,
मुक्काम परतूर, जि. जालना.

विषय: स्वस्त व सुयोग्य वैयक्तिक जलवाहनाची निवड अर्जदाराऐवजी आपल्या कार्यालयाने करून देणेबाबत.

संदर्भ: १) आपले पत्र दि. ११ नोव्हेंबर १९९६ (वाहन निवडण्याची परवानगी)
२) आपले पत्र दि. १६ फेब्रुवारी १९९८ (भांडे व जलवाहन यांतील फरक)
३) आपले पत्र दि. २१ जुलै १९९८ (पुन्हा निवड करण्याचा आदेश)

अर्जदार: कचरू रखमाजी ढवळे, वय ५८, रा. टेकाडी वस्ती, जुनी सावळदरी, ता. परतूर.

माननीय साहेब,

१. मी सातवी पास असून हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मागील दोन अर्ज तहसीलबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडून लिहून घेतले होते. त्यांची भाषा फार चांगली होती, परंतु त्यातून आपल्याला काही समजले नाही असे आपल्या उत्तरांवरून दिसते. म्हणून या वेळी भाषा माझी आहे.

२. आपल्या प्रकल्पाचे पाणी १९९५ साली भरले. गाव उठून नव्या गावठाणात गेले. आमची अकरा घरांची वस्ती टेकाडावर असल्याने मोजणीत पाण्याच्या रेषेच्या वर निघाली व संपादनातून वगळली गेली. रेषा बरोबर होती, पाणी आजपर्यंत एकाही उंबऱ्याला लागलेले नाही. ते फक्त तीन बाजूंनी उभे आहे. चौथ्या बाजूने आष्टीला जायचे तर एकोणीस किलोमीटर काळ्या रानातून जावे लागते. पाऊस पडल्यावर त्या रानात बैल पोटापर्यंत रुततो. दवाखाना, बाजार, रेशन, लेकीबाळींची सासरे-माहेरे सगळी पाण्याच्या पलीकडे आहेत. पाण्यावरून अंतर पाऊण किलोमीटर.

३. यावर उपाय म्हणून संदर्भ क्र. १ च्या पत्राने आपण कळविले की, प्रत्येक कुटुंबाने आपल्याला परवडेल असे वैयक्तिक जलवाहन स्वतः निवडावे, तीन नोंदणीकृत विक्रेत्यांची दरपत्रके जोडावीत, म्हणजे तीन हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळेल. साहेब, आम्ही ज्वारी आणि ऊस निवडणारी माणसे. आमच्या सात पिढ्यांत कोणी होडी विकत घेतलेली नाही. नदी होती तेव्हा ती आम्ही धोतर वर धरून ओलांडत होतो. तरीही आदेश म्हणून मी निवडीस निघालो. काय काय पाहिले ते खाली देतो, म्हणजे मी हयगय केली असे कोणी म्हणू नये.

(अ) फायबरची होडी. औरंगाबादेस एका दुकानात गेलो. नोंदणी, शिक्का, छापील कागद, सर्व काही होते. होडी मात्र एकाच प्रकारची होती, पांढऱ्या बदकाच्या आकाराची, बागेतल्या तळ्यात पायाने चालवायची. किंमत अडतीस हजार. मी विचारले, वारा सुटला तर? दुकानदार म्हणाले, "वारा सुटला की पोरांना उतरवून घ्यायचं." त्यांनी दरपत्रक दिले. आपल्या कार्यालयात नियमानुसार बिनचूक ठरलेले माझे हे एकच दरपत्रक आहे. टेबलावरच्या बाबूंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "हे बघा, याला म्हणतात कोटेशन. असे अजून दोन आणा."

(आ) लाकडी होडी. गोदावरीकाठी एक वयस्क कारागीर होड्या बांधतात. चार माणसे व एक शेळी बसेल अशी होडी नऊ हजारांत देतो म्हणाले. पण त्यांच्याकडे दुकान नाही, शिक्का नाही. मी कागद मागितला तेव्हा त्यांनी होडीवर थाप मारून दाखवली. ती थाप दरपत्रकास जोडता आली नाही.

(इ) थर्माकोल. मासे धरणारे लोक थर्माकोलच्या जाड तुकड्याला पोते शिवून त्यावर मांडी घालून बसतात व दोन थाळ्यांनी पाणी सारतात. एकाच माणसाचे वाहन आहे. आजारी माणूस मांडी घालून बसत नाही.

(ई) ट्यूब. आष्टीचे पंक्चरवाले नजीरभाई यांनी ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा बाजेखाली आवळून एक तराफा केला होता. अकराशे रुपये. ते मला स्पष्ट बोलले होते, "काका, ट्यूब भिजवते पण बुडवत न्हाई. दिसायला खराब हाय, पण माणूस बराबर पार जातो." हे त्यांचे शब्द मी मुद्दाम येथे नोंदवीत आहे.

(उ) काईल. म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, आठ फूट रुंद. ती आमच्या घरचीच. ऊस पाण्याखाली गेल्यापासून पडवीत उपडी पडली होती. खर्च काही नाही. तीन माणसे कोरडी बसतात. वस्तीवर आणखी दोन घरी काईली होत्या व लोक त्यातून ये-जा करू लागले होते. पायातली वहाण मात्र काठावर काढून ठेवत, कारण काईल अन्नाचे भांडे आहे.

४. तीन दरपत्रके जमेनात. वर्ष गेले. माझी मुलगी बेबीनंदा जांबेस दिलेली. ती पहिलटकरीण होती व दिवाळी आटोपल्यावर तिला सातवा लागला. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, तशी तिला आणायचे ठरले. माझ्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या, नजीरभाईची बाज भाड्याने आणा. मी ऐकले नाही. पोटुशी लेक पहिल्यांदा माहेरी येते आहे, ती बाजेवर पाय पाण्यात सोडून, ओल्या लुगड्याने, वस्तीसमोर उतरणार हे मला नको होते. काईलीत ती कोरडी येईल. एवढाच माझा विचार होता. निवड मी केली.

५. दि. १२ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास बेबीनंदा व मी नव्या गावठाणाच्या काठावरून वस्तीकडे निघालो. वारा नव्हता. ती काईलीत मधोमध गोधडीवर बसली होती व हसत होती, कारण लहानपणी याच काईलीतला तापता गूळ बोटाने चाटताना तिला चटका बसला होता. तिच्या मांडीवर ओटीचे सामान होते.

आपण आमच्याकडचे नसल्यास कळावे म्हणून लिहितो. पोटुशी बाई नदी ओलांडते तेव्हा ती नदीची ओटी भरते. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ओटी बसून भरत नाहीत, उभे राहून पदराने भरतात. आणि ती नदीचीच भरायची असते. काठाला जे पाणी आहे ते आमच्या शेतावरचे, सरकारी पाणी आहे. नदी त्याच्या खाली, मध्यभागी आहे. वरून बघणाऱ्याला सगळे पाणी सारखेच दिसते. परंतु मी त्या जमिनीवर चाळीस वर्षे औत हाकले. पाण्याबाहेर उरलेला आमच्या बाभळीचा शेंडा आणि नव्या गावठाणाची टाकी एका रेषेत आली की खाली नदी असते, हे मला ठाऊक आहे. वस्तीवर दुसऱ्या कोणाला नाही.

तिने मला विचारले, "आबा, नदी हितंच हाय का?"

मी शेंडा पाहिला, टाकी पाहिली, आणि म्हणालो, "हाय."

ती उभी राहिली.

६. काईलीचे बूड सपाट असले तरी ती गोल आहे. तिला कणा नाही. सातव्या महिन्याची बाई नारळ धरून पुढे वाकली की ती काय करते हे मला त्या दिवशी कळले. मला पोहता येते. तिचा हात माझ्या हातात होता. नंतर नव्हता. तिसऱ्या दिवशी ती बाभळीच्या बाजूला सापडली. पोटातले तिच्यासोबतच गेले. मला फार वाईट वाटते, साहेब. अर्जात असे लिहीत नसतात हे मला माहीत आहे.

७. यानंतर आपल्या कार्यालयाकडे अपघाताची माहिती दिली. संदर्भ क्र. २ च्या पत्राने आपण कळविले की काईल हे "स्वयंपाकाचे वा तत्सम भांडे" असून ते जलवाहनाच्या व्याख्येत बसत नाही, सबब हा जलवाहतुकीचा अपघात होत नाही. याबाबत माझी तक्रार नाही. काईल भांडे आहे हे आम्हालाही मान्य होते, म्हणून तर वहाणा काढत होतो. त्याच पत्रात एक वाक्य आहे, "वाहनाची निवड अर्जदाराने स्वतःच्या मर्जीने केली." या वाक्यापुढे "अन्य वाहन उपलब्ध नव्हते" एवढे शब्द घालावेत, अशी विनंती करण्यासाठी मी हा अर्ज लिहावयास बसलो होतो. परंतु वर (ई) लिहून झाल्यावर मला ते शब्द मागता येत नाहीत. वाहन होते. अकराशे रुपयांना होते, भाड्याने तर पन्नासला होते. तरी ती विनंती मागे घेतली आहे असे समजावे. ते वाक्य आहे तसे राहू द्यावे. सगुणाबाई माझ्याशी बोलत नाहीत, त्यांनाही ते वाक्य पटलेले आहे.

८. मे महिन्यात पाणी उतरले तेव्हा काईल नदीच्या पात्रात गाळात सरळ बसलेली दिसली. वस्तीतले लोक माझ्याकडे आले. बाकीच्या दोन काईली तोवर गंजून फुटल्या होत्या. त्यांनी विचारले, न्यायची का? मी नाही म्हणालो नाही. पाणी पुन्हा चढल्यापासून वस्ती तिच्यातूनच पार जाते. मी जात नाही. आपल्या कार्यालयात मी आलो तो चौथ्या बाजूने, चालत.

९. आता सध्याचे काम. माझी सून उषाबाई, माझा मुलगा वसंता याची बायको, पहिलटकरीण आहे. तिचे माहेर आष्टीस आहे. पाचव्या किंवा सातव्या महिन्यातच नेतात, सहाव्यात नेत नाहीत. आषाढात तिला पाचवा होता. तेव्हा पात्रात गुडघाभरच पाणी होते व बैलगाडी सहज गेली असती. परंतु वसंता आपल्या कार्यालयात आला असता त्यास बाबूंनी सांगितले, "पंधरा दिवस थांबा, तुमच्या वस्तीला होडीच येऊन राह्यली. पोटुशी बाई गाडीतून कशाला आदळत नेता?" त्यांनी चांगल्या मनानेच सांगितले असावे. आम्ही थांबलो. पंधराव्या दिवशी संदर्भ क्र. ३ चे पत्र आले. त्यात होडी नव्हती. अर्जदाराने पुन्हा नव्याने निवड करावी, तीन दरपत्रके व तुलनात्मक तक्ता जोडावा, आणि "वाहनाची निवड माझी असून परिणामास मी जबाबदार आहे" अशा हमीपत्रावर सही करून पाठवावी, असा आदेश होता. तोपर्यंत पाणी बाभळीच्या खोडाला लागले होते.

१०. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे दि. २३ ऑगस्टला, उषाबाईस सातवा लागतो. आजपासून वीस दिवस. चौथ्या बाजूचे रान आता बंद झाले आहे. मी चालत येऊ शकलो, ती येऊ शकणार नाही. परवा वसंताने बाभळीपर्यंत पोहून पाणी पाहिले. नजीरभाईंनी ट्यूबा मागेच विकून टाकल्या, त्यांना मी स्वतः जाऊन विचारले. त्यांना सगळे माहीत होते. त्यांनी चहा पाजला व म्हणाले, "काका, पुन्हा बनवतो, बिलकुल बनवतो, पण चार ट्यूबा एकदम मिळून न्हाई राह्यल्या." गोदावरीचे कारागीर सांगतात, दोन महिने लागतील. थर्माकोलवर मांडी घालून तिला बसता येत नाही. उरले बदक आणि काईल.

११. साहेब, मी एकदा निवड केली आहे. स्वस्त पाहिले, कोरडे पाहिले, चार लोकांत बरे दिसेल ते पाहिले. सर्व बाजूंनी विचार करून निवड केली. मला पुन्हा निवडावयास सांगू नये. हात जोडून विनंती आहे. मला आता वाहन दाखवले की त्यात मला आधी ती उभी राहिलेली दिसते. माझा मुलगा निवडतो म्हणतो, तर मी त्याला निवडू देत नाही. मी जे वाहून राहिलो आहे ते त्याच्या डोक्यावर द्यायचे नाही. आपण शिकलेले आहात. आपणास पाणी मोजता येते, ते किती वर येईल हे आपण दहा वर्षे आधी सांगितले होते व ते तितकेच आले. तेव्हा चौदा-पंधरा हात खोल पाण्यावर सात महिन्यांची बाई कशात बसवावी हेही आपल्याला निश्चित सांगता येईल. कितीही स्वस्त वा महाग असो, वरचे पैसे मी उभे करतो, त्याची काळजी आपण करू नये. फक्त नाव आपण सांगावे. ट्यूब म्हणा, बदक म्हणा. काईल म्हणालात तर काईल. आपण सांगितले म्हणून मी तिला बसवीन व स्वतः सोबत बसेन.

१२. उषाबाईस हे सर्व माहीत आहे. घरात कोणी सांगितले नाही, पण अकरा घरांत गोष्ट कुठे लपते. काल दळण ठेवताना ती मला म्हणाली, "मामा, मी उभी न्हाई राहणार. वटी काठावरूनच टाकते. नदीला काय कळायचं ते कळंल." ती बसून राहील, साहेब. तिला कशात बसवायचे तेवढे आपण लिहून कळवावे.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
कचरू रखमाजी ढवळे
टेकाडी वस्ती, जुनी सावळदरी
दि. ३ ऑगस्ट १९९८

सोबत:
१) बदकाच्या आकाराच्या होडीचे दरपत्रक, मूळ प्रत.
२) उषाबाईच्या दवाखान्याच्या कार्डाची नक्कल.
३) आपण पाठविलेले हमीपत्र. "निवड करणाऱ्याचे नाव" हा रकाना कोरा ठेवला आहे.