आटत्या पाण्यातली चाल

४ फेब्रुवारी १९७३, केडगाव

पंचगंगेत वाढलेला माणूस पोहायचा सराव करायला दुष्काळी नगर जिल्ह्यात आला, असं कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो! पण नोकरी मिळाली भिंगारच्या लष्करी कचेरीत, हंगामी कारकुनाची. खोली मिळाली इथे, सहादेव यांच्या मळ्यात. आणि मळ्यात चक्क चौकोनी बारव, चारी बाजूंनी पायऱ्या उतरलेली. पाणी मचूळ, म्हणून प्यायला टँकर. बारवेवर फक्त गुरं आणि धुणी. मला काय, अंग बुडालं म्हणजे झालं. सहादेवांच्या आई रतनबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. स्वारी खूश.

मे महिन्यात पुण्याला रेल्वेची खेळाडू-निवड आहे. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. हुकली तर जन्मभर हंगामी. मला पोहायला शिकवणाऱ्या वस्तादांनी बजावलंय, आधीच जीव काढायचा नाही. प्रत्येक फेरी एकसारख्या चालीनं पोहायची, घड्याळ लावून वेळ टिपायचा आणि आठवड्यागणिक तो थोडा थोडा खाली आणायचा. चाल खोटं बोलत नाही, म्हणतात. आज फेरीला वीस सेकंद लागले.

१२ फेब्रुवारी

इथल्या बायकांची एक तऱ्हा आहे. एकीनं घागर बुडवली की दुसरी थांबते. पाणी निवळलं, तरंग बसले, की मगच तिची घागर पाण्यात. मी न थांबता फेऱ्या मारतो ते रतनबाईंना खपत नाही. परवा म्हणाल्या, "आटतं पानी हाय, भाऊसाहेब. त्याला घाई दावू नगा. न्हाईतर आपली चाल त्ये ठिवून घेतं."

दर फेरीला थांबत बसलो तर सरावाचं वाटोळं! हो हो म्हणालो आणि काल दुप्पट फेऱ्या मारल्या.

२ मार्च

वैताग आलाय. पाणी तीन पायऱ्या खाली गेलं, म्हणजे फेरी आखूड झाली. वेळ कमी व्हायला हवा. झाला जास्त! घड्याळच बिघडलं असणार म्हणून नगरला कापडबाजारात नेलं. घड्याळजीनं उघडून पाहिलं, म्हणाला ठणठणीत आहे. त्याचाही राग आला.

१८ मार्च

सहादेवांनी दोरी लावून मोजलं. फेरी निम्मी राहिली आहे. वेळ लागतो दुप्पट. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर इथे अंगणच लहान होतंय! दम लागत नाही, हात भरून येत नाहीत, फक्त समोरची पायरी जवळ येत नाही. आज पाण्यातच रडू आलं.

सहादेव काठावर बसून बघत होते. म्हणाले, "हात हालत्यात तुमचे, पन लई सावकाश. झोपेत पवल्यावानी." मी तर जीव तोडून पोहत होतो.

५ एप्रिल

शेवटी रतनबाईंचं ऐकलं. पहाटे एकच फेरी मारली आणि पाणी निवळायची वाट बघत पायरीवर बसलो. निवळेना. वारा नव्हता, बारवेत कुणी नव्हतं. तरी पाण्यावर एक रेघ उमटत गेली, कुणी हात मारत जावं तशी. अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे. न थांबता.

घड्याळ लावून बघितलं. ती चाल माझी आहे. फेब्रुवारीतली.

पळत वर आलो. सहादेव म्हणतात, मला वर यायला दुपार झाली.

२१ एप्रिल

बारव सोडली. उपयोग नाही. सकाळी सायकलवर निघालो, भिंगारला पोचलो तेव्हा कचेरी सुटत होती. साहेब बरंच बोलले. इतकं भरभर, की एक शब्द कळला नाही — चहा तोंडाशी नेईपर्यंत गार होतो — पुण्याला काय दाखवणार मी? काय?

३ मे

रतनबाई बारवेपाशी बसून असतात. पोराची चाल माघारी दे, म्हणून माझ्यासाठी विनवतात. सहादेवांनी सांगितलं — सावकाश, दोनदा सांगितलं, मला कळावं म्हणून. पाणी घोट्याएवढं उरलंय. रेघ अजून फिरते.

निवडीला सहा दिवस. पुरतील. आजपासून निघालो तर —

९ मे

निवड आज. सहादेव पहाटेच दारात, एसटीवर सोडायला — एवढं लिहीपर्यंत ऊन उंबऱ्यावर —

कंदील कधी लावला —

पुन्हा ऊन. निवड काल झा — परवा?

रतनबाई बोलतात, पण ओठ नुसते थरथरताना दिसतात — सहादेवांनी पाटीवर लिहून धरलंय — बारव आज पुरती आटली —

मग माझी चाल आता कु